स्वस्त यंत्राचं बिल कोण भरतं?

ए-फोर आकाराचा एक कागद, आडवा छापलेला. त्यावर तीन पार्ट्यांची नावं, प्रत्येकीचा दर, टॅक्स, भाडं, पेमेंटच्या अटी. तळाच्या ओळीत सगळ्यात कमी आकड्याभोवती हिरव्या पेनानं काढलेला गोल आणि शेजारी सही. आमच्याकडे याला कंपॅरेटिव्ह म्हणतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये माझी ३१ वर्षं गेली. एवढ्या काळात जेवढा पैसा आणि जेवढी माणसं वाया गेलेली मी पाहिली, त्यातली निम्मी तरी या कागदावरच्या हिरव्या गोलापासून वाया जायला लागली होती. त्या गोलावर माझा राग आहे आणि तो मी आज लपवणार नाही.

२०११ साली आमच्या फौंड्रीला ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर घ्यायचा होता. मोल्डिंग मशीन, कोअर शूटर, पोरांच्या हातातले ग्राइंडर, सगळं हवेवर चालतं. दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६००० तास. शेवटी दोन कोटेशनं उरली. एक ८ लाख ४० हजारांचं, दुसरं ६ लाख २५ हजारांचं. मी दोन्ही पार्ट्यांकडून टेस्ट शीट लेखी मागवल्या आणि आमच्या हवेच्या गरजेवर हिशेब मांडला. महागडा तासाला ३६ युनिट ओढणार होता, स्वस्तातला ४१. तासाला ५ युनिटचा फरक, वर्षाला ३० हजार युनिटचा. त्या वेळी सगळे आकार धरून युनिट सरासरी ७ रुपयांना पडायचं. म्हणजे वर्षाला २ लाख १० हजार रुपये. दोन कोटेशनमधला फरक होता २ लाख १५ हजार. जो जास्तीचा पैसा आपण वाचवतोय असं पर्चेसला वाटत होतं, तो बारा-तेरा महिन्यांत महावितरणला जाणार होता, आणि त्यानंतर यंत्र भंगारात निघेपर्यंत दरवर्षी जात राहणार होता.

आणखी एक आकडा मी त्या टिपणात लिहिला होता. स्वस्त कॉम्प्रेसर वर्षाला १७ लाख २२ हजारांची वीज खाणार होता. म्हणजे सव्वासहा लाखांच्या यंत्रावर आपण महिनाभर घासाघीस करत होतो आणि त्याच यंत्राच्या दहा वर्षांच्या पावणेदोन कोटींच्या बिलाबद्दल एका शब्दानं बोलत नव्हतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपण हसत हसत म्हणतो. इथं मसाला कोंबडीच्या सत्तावीसपट होता आणि कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

माझं टिपण फाइलच्या मागच्या बाजूला टाचलं गेलं. ते कुणी वाचलं नाही. हिरवा गोल ६ लाख २५ हजारांभोवती पडला. वर्षअखेरच्या मीटिंगमध्ये पर्चेसच्या साहेबांनी पडद्यावर ‘बचत : २ लाख १५ हजार’ अशी ओळ दाखवली आणि मालकांनी त्यांना सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी मागच्या रांगेत बसलो होतो. विजेचं बिल त्या पडद्यावर नव्हतं, कारण ते अकाउंट्सकडे जातं. अकाउंट्सवाल्याला बिल किती आलं ते कळतं, कुठल्या यंत्रानं किती खाल्लं ते कळत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या कॉम्प्रेसरचा एअरएंड जाम झाला. एअरएंड म्हणजे कॉम्प्रेसरचं मूळ अंग, दोन स्क्रू रोटर जिथं एकमेकांत फिरतात ते. पार्टीकडे स्पेअर नव्हता. तो जहाजानं यायचा होता आणि यायला सात आठवडे लागले. ज्या पार्टीचं कोटेशन आम्ही महाग म्हणून बाजूला सारलं होतं, तिचा सर्व्हिसचा माणूस कोल्हापुरातच होता आणि स्पेअर पुण्यात. आम्ही सात आठवडे डिझेलचा कॉम्प्रेसर भाड्यानं आणून चालवला. गिऱ्हाइकाचं शेड्यूल चुकलं, ट्रकऐवजी टेम्पोनं रात्री-बेरात्री माल पाठवावा लागला, मोल्डिंगच्या पोरांनी दिवाळीतले दोन दिवस शेडमध्ये काढले. त्यांच्या घरच्यांना मी काय सांगणार होतो? कंपॅरेटिव्ह दाखवणार होतो?

तोपर्यंत पर्चेसचे साहेब चाकणला मोठ्या कंपनीत, मोठ्या पगारावर गेलेले होते. ती बचत त्यांच्या बायोडेटात असणार. नुकसान आमच्या शेडमध्ये राहिलं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. यंत्राच्या खरेदीवर सही करणारा एक असतो आणि ते यंत्र सोसणारा दुसराच. सही करणाऱ्याचा संबंध यंत्र गेटातून आत येईपर्यंत. सोसणाऱ्याचा त्यानंतर पंधरा वर्षं. आणि आपण सगळा अधिकार, सगळं कौतुक, सगळी पदोन्नती पहिल्याला देऊन ठेवली आहे. ‘किंमत की दर्जा’ अशी चर्चा चेंबर-असोसिएशनच्या व्याख्यानांत ऐकतो तेव्हा मला ती बिनकामाची वाटते. कमी दराला भुलणारा माणूस बहुतेक वेळा मूर्ख नसतो. त्याला हिशेब येतो. पण हिशेबाची चूक त्याच्या खिशातून जाणार नसते.

माझे आबा शेतकरी. लहानपणी त्यांच्याबरोबर सांगोल्याच्या बाजाराला गेलो होतो, खिलार बैल घ्यायला. आबा शाळा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी आधी बैलाचं तोंड उघडून दात बघितले. दोनदाती आहे, चौसा आहे, सहादाती आहे की जुळलेला, यावरून बैलाची पुढची किती वर्षं हातात आहेत ते कळतं. मग खांद्यावर हात फिरवून जुवाचा घट्टा बघितला, खूर उचलून बघितले, चालवून बघितला, गाडीला जुंपून बघितला. हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, दलालानं रुमालाखाली त्यांचा हात धरला आणि बोटांवर भावाची बोलणी झाली. आधी बैल, मग भाव. बाजारातला सगळ्यात कमी भावाचा बैल कुठला, हा प्रश्न तिथं कुणी विचारलेला मी ऐकला नाही. असं विचारणाऱ्याला लोकांनी खाटीक समजलं असतं. आणि आम्ही, इंजिनिअरिंगच्या पदव्या भिंतीवर लावणारे लोक, चाळीस लाखांचं व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, घेताना पहिल्याच फोनवर ‘तुमची लास्ट प्राइस सांगा’ म्हणतो.

व्हीएमसीचं नाव आलंच आहे तर सांगतो. दोन मशिनं बाहेरून अगदी सारखी दिसतात. तोच रंग, तोच कंट्रोलर, तेवढंच टेबल. दरात पाच-सहा लाखांचा फरक. हा फरक कुठं गेला ते पत्रा काढल्याशिवाय दिसत नाही. बॉलस्क्रू सी-३ ग्रेडचा असेल तर ३०० मिलिमीटरमागे चूक ८ मायक्रॉनपर्यंत, सी-५ असेल तर १८ मायक्रॉनपर्यंत, सी-७ असेल तर ५० मायक्रॉनपर्यंत. कास्टिंगचं स्ट्रेस रिलिव्हिंग केलं आहे की ओतून महिन्याभरात मशीन केलं आहे, हे तर दोन वर्षांनी कळतं, मशीनची भूमिती हलायला लागली की. लेथचंही तसंच. स्वस्त लेथचा बेड हलका, हार्डनिंग वरवरचं. काम सगळं चकच्या जवळ होतं, त्यामुळे बेड तिथंच झिजतो आणि जॉबला टेपर यायला लागतो. मग ऑपरेटर शिव्या खातो. ‘तुझा हात नीट नाही’ म्हणून त्याचा इन्सेंटिव्ह कापलेला मी पाहिला आहे. हात नीट होता. बेड झिजलेला होता, आणि बेड निवडणारा ऑफिसात बसला होता.

मोटरांबद्दल तर मी किती वेळा डोकं आपटलं असेल. १५ किलोवॅटची चार पोलची मोटर घ्या. प्रमाणकानुसार आयई-२ वर्गाची कार्यक्षमता ९०.६ टक्के, आयई-३ ची ९२.१ टक्के. दीड टक्का ऐकून पर्चेसवाला खांदे उडवतो. पूर्ण लोडवर ६००० तास चालवा. वर्षाला १६०० युनिटचा फरक येतो, युनिटला ९ रुपये धरून साडेचौदा हजार रुपये. दोन मोटरांच्या दरात दहा हजारांचा फरक असला तरी वर्षाच्या आत फिटला. ती मोटर वर्षाला जवळपास नऊ लाखांची वीज पिते. साठ-सत्तर हजारांच्या मोटरमध्ये पाच हजार कमी करून घेतले म्हणून जो छाती फुगवतो, त्याला या नऊ लाखांची खबरही नसते. आणि जळली की रिवाइंड. पुन्हा जळली की पुन्हा रिवाइंड. रिवाइंडिंगवाला जुनी वायर काढायला स्टेटर उघड्या आगीत भाजतो, त्यात पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि कोअरचा लॉस वाढतो. अशी मोटर गरम चालते. वाइंडिंगचं तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे ती पुन्हा जळायलाच निघालेली असते. आमच्या शेडमध्ये एका मोटरला चार वेळा रिवाइंड केलेलं मी पाहिलं, आणि प्रत्येक वेळी फाइलवर ‘नवी मोटर टाळून बचत’ असा शेरा होता.

हवेच्या लायनीतही हाच खेळ. स्वस्त फिटिंग, स्वस्त एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर), फेरूलऐवजी तारेनं आवळलेला पाइप. ६ बारच्या लायनीला ३ मिलिमीटरचं एक भोक पडलं की सेकंदाला सुमारे १० लिटर हवा जाते आणि ती हवा भरायला कॉम्प्रेसरला ३ किलोवॅट लागतात. वर्षाला १ लाख ६० हजार रुपये. एका भोकाचे. रविवारी शेड बंद असताना मी लायन भरून नुसता उभा राहायचो आणि कानानं भोकं मोजायचो. एका रविवारी सव्वीस मोजली. सगळी ३ मिलिमीटरची नव्हती, पण लहानही नव्हती.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असं कुणी सांगू नये. वीज कंपन्या मोठे ट्रान्सफॉर्मर घेताना कोटेशनमधल्या किमतीत लॉसची किंमत मिळवतात. नो-लोड लॉसच्या दर किलोवॅटला एवढे रुपये, लोड लॉसच्या दर किलोवॅटला एवढे, असं टेंडरमध्येच छापलेलं असतं. ट्रान्सफॉर्मर आयुष्यभरात जी वीज वाया घालवणार तिची आजची किंमत धरून मगच कोण स्वस्त ते ठरतं. आपल्याच देशात, सरकारी कंपन्यांत, ही रीत जुनी आहे. जी गोष्ट ट्रान्सफॉर्मरला लागू होते ती कॉम्प्रेसरला, पंपाला, फर्नेसला का नाही? आमच्या भागात इंडक्शन फर्नेस शेकड्यांनी आहेत. एक टन बीड वितळवायला एका फर्नेसला ५५० युनिट लागतात आणि दुसऱ्याला ६००. महिन्याला ३०० टन वितळवणाऱ्या फौंड्रीत हा फरक १५ हजार युनिटचा होतो, ९ रुपयांनी १ लाख ३५ हजार, दर महिन्याला. हा रकाना फर्नेसच्या किती कंपॅरेटिव्हमध्ये तुम्ही पाहिला आहे? मी एकाही नाही.

बाकी सरकारी खरेदीचं काय सांगावं. तिथं या हिरव्या गोलाला एल-वन म्हणतात आणि त्याच्यापुढे सगळे हात जोडून उभे असतात. एल-वन सोडून दुसऱ्याला ऑर्डर दिली तर चौकशी लागते. एल-वनला देऊन यंत्र सहा महिन्यांत बंद पडलं तर लागत नाही. कॅगच्या अहवालांत वापराविना पडून राहिलेल्या यंत्रांचे परिच्छेद पुन्हा पुन्हा येतात, तरी नियम तोच. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयानं मान्य केलं की नुसत्या कमी दरानं भागत नाही, आणि काही कामांत व सेवांत दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायला परवानगी दिली. चांगलं केलं. पण घाबरलेल्या अधिकाऱ्याच्या हातात परवानगी देऊन उपयोग नसतो. त्याला एल-वन हीच ढाल वाटते आणि ढाल तो टाकत नाही.

खासगीवाल्यांनी यावर सरकारला नावं ठेवू नयेत. तुमच्या प्रत्येक शेडमध्ये भिंतीवर फाइव्ह-एस आणि कायझेनचे फलक आहेत. ज्या डेमिंगनी १९५० मध्ये जपानला जाऊन दर्जाचे धडे दिले, त्यांच्या चौदा मुद्द्यांतला चौथा मुद्दा असा आहे की नुसत्या किमतीवर धंदा देणं बंद करा, एकूण खर्च बघा. ‘आउट ऑफ द क्रायसिस’ या त्यांच्या पुस्तकात तो छापलेला आहे. तेरा मुद्दे फ्रेममध्ये घातले आणि हा एक गिळला. गाड्यांच्या मोठ्या कंपन्या दरवर्षी सप्लायरला दर कमी करायला लावतात. सप्लायर खालच्याला लावतो. खालचा आणखी कुणाला लावू शकत नाही, म्हणून तो यंत्र स्वस्तातलं घेतो. पुण्या-चाकणच्या वातानुकूलित खोलीत कापलेले दोन टक्के असे आमच्याकडे झिजलेला बेड, गळकी लायन आणि उघडा प्रेस होऊन उतरतात. मग त्याच कंपन्यांचे ऑडिटर येऊन आम्हाला रिजेक्शनचं कारण विचारतात.

लहान मालक म्हणेल, भांडवल कुठून आणू? हा प्रश्न खरा आहे आणि त्याच्यावर मी ओरडणार नाही. माल दिल्यावर कायद्यानं ४५ दिवसांत यायचे पैसे चार-चार महिने येत नाहीत. बँकही तीन कोटेशनं मागते आणि सगळ्यात कमी आकड्यावर बोट ठेवते. अशा माणसाला मी एवढंच सांगेन की नव्या कचऱ्यापेक्षा जुनं चांगलं यंत्र घ्या. एचएमटीचे जुने लेथ आजही कोल्हापूरच्या उद्यमनगरात बेड ग्राइंड करून, स्क्रेपिंग करून पुन्हा उभे राहतात, कारण त्यांच्या बेडमध्ये मुळात लोखंड आहे. आणि हिशेब करा. सगळं महागच घ्या असं मी म्हणत नाही. वर्षाला २०० तास चालणाऱ्या स्टँडबाय कॉम्प्रेसरला तासाला ५ युनिट जास्त लागले तर वर्षाला ९००० रुपये जातात. तिथं दोन लाख जास्त मोजणं चूक आहे. तिथं स्वस्तच घ्या.

महाग म्हणजे चांगलं ही दुसरी अंधश्रद्धा, आणि तिचा बळीही मी आहे. नामांकित, परदेशी, दुप्पट दराचं मशीन. आलं तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. वॉरंटी संपल्यावर कळलं की पीएलसीला, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरला, पासवर्ड आहे आणि तो त्यांचाच माणूस येऊन टाकणार, दिवसाचे अमुक हजार आणि विमानाचं तिकीट. तेल त्यांचंच, फिल्टर त्यांचाच. बाजारात हजार रुपयांना मिळणारा सेन्सर त्यांच्या कनेक्टरसकट नऊ हजारांचा. ही सुद्धा लूटच आहे. ‘आयुष्यभराची किंमत’ हा शब्द सेल्सवाल्याच्या तोंडात गेला की त्याचा अर्थ ‘आयुष्यभर मला देत राहा’ असा होतो. म्हणून सेल्सवाल्याचा हिशेब घेऊ नका, स्वतःचा मांडा. त्याच्याकडून पासवर्ड, ड्रॉइंग, सर्किट आणि दहा वर्षांच्या स्पेअरचे दर ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या. ऑर्डर गेल्यावर तो फोन उचलत नाही.

कंपॅरेटिव्हमध्ये विजेचा रकाना पाहिजे. बंद पडलं तर दिवसाला किती जातात आणि स्पेअर कुठल्या गावात आहे, हा रकाना पाहिजे. दराच्या ओळीखाली मेंटेनन्सवाल्याची आणि जो ते यंत्र चालवणार त्या ऑपरेटरची सही पाहिजे. आणि पर्चेसवाल्याच्या बचतीचं कौतुक तीन वर्षांनी करा, यंत्राचं ब्रेकडाऊन रजिस्टर समोर ठेवून. तो नोकरी सोडून गेला असेल तर कौतुक करू नका. यात कुठलीही मोठी विद्या नाही, पैसेही लागत नाहीत. लागतो तो मालकाचा अर्धा तास, आणि तोच तो देत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो. आमच्याच ग्रुपच्या शीट मेटलच्या शेडमध्ये ५० टनी प्रेस घ्यायचा होता. एक न्यूमॅटिक क्लचचा, एक पिन क्लचचा. दरात साडेतीन लाखांचा फरक. पिन क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पेडल दाबलं आणि पिन बसली की क्रँक पूर्ण एक फेरा घेतो. मध्ये तो थांबत नाही, थांबवता येत नाही. हात आत राहिला आहे हे दिसलं तरी नाही. न्यूमॅटिक क्लचला ब्रेक असतो, रॅम मध्येच थांबतो, म्हणून त्याला लाइट कर्टन लावण्याला अर्थ असतो. पिन क्लचवर लाइट कर्टन लावला तरी तो अपघात नुसता बघत बसतो. शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की एकदा दाबल्यावर रॅम दुसऱ्यांदाही खाली येतो. शेडमध्ये म्हणतात, प्रेस डबल मारतो. हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. उत्तर मिळालं, ‘पोरांना नीट काम करायला शिकवा.’ हिरवा गोल साडेतीन लाख वाचवून मोकळा झाला.

दीड वर्षांनी प्रेसनं डबल मारला. कागलकडचा पोरगा होता, कंत्राटदाराकडचा, बावीस वर्षांचा. उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला गाडीत घालून नेणाऱ्यांत मी होतो. खरेदीच्या कागदावर माझी सही नव्हती, पण तो प्रेस बसवून चालू करून देणारा मी होतो, आणि हे मी कुणावर ढकलणार नाही.

१९२३ च्या कामगार भरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात कुठला अवयव गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं ते छापलेलं होतं. अंगठा, ३० टक्के. तर्जनी मुळापासून, १४ टक्के. एका हाताची दोन बोटं, २० टक्के. तीन बोटं, ३० टक्के. चारही, ५० टक्के. बोटांचा दर कायद्याला ठरवता आला. आमच्या कंपॅरेटिव्हला त्यासाठी एक ओळ ठेवता आली नाही. तो पोरगा आता एका गोडाऊनला रात्रीचा वॉचमन आहे. त्याला नीट काम करायला शिकवलेलं होतं. मीच शिकवलं होतं.

तो प्रेस आम्ही भंगारात काढला नाही. वर्षभरानं तो विकला, आणि ज्यानं घेतला त्यानं तो स्वस्त मिळाला म्हणून घेतला. तो आजही कुठल्या तरी शेडमध्ये चालू आहे. तुमच्या शेडमध्ये पिन क्लचचा प्रेस असेल तर उद्या पहिल्या शिफ्टच्या आधी त्याचा मेन स्विच खाली करा, किल्ली खिशात ठेवा, आणि डायभोवती हात आत जाणार नाही असा पक्का गार्ड बसेपर्यंत ती कुणाला देऊ नका. मालकालाही नाही.